साडूपेक्षा पाचशे जास्त

बाजार दोनच गोष्टींवर चालतो, भीती आणि लोभ, असं शहाणे लोक सांगतात. ही शहाणी माणसं कधी वऱ्हाडात राहिलेली नसावीत. अमरावतीत जन्म घालवून, लोकांच्या पैशाला वाट दाखवण्याचा धंदा करून मी एवढं खात्रीनं सांगू शकतो, की आमच्याकडे बाजार तिसऱ्याच गोष्टीवर चालतो. ती गोष्ट म्हणजे साडू.

ज्यांना साडू आहे त्यांना जास्त समजावायला नको. बायकोच्या बहिणीचा नवरा. सख्ख्या भावानं बंगला बांधला तर माणूस पेढे वाटतो, पण साडूनं नुसतं फाटक बदललं तरी त्याला जेवण जात नाही. एकाच सासऱ्यानं दोघांना पारखून घेतलेलं असतं, आणि पुढं दर लग्नात, दर दिवाळीला दोघांना शेजारी-शेजारी बसवून सगळं सासर त्यांना पुन्हा पारखत राहतं. मला स्वतःला साडू नाही. माझी बायको एकुलती एक. मी पैशाच्या बाबतीत थोडा मागे राहिलो, त्याचं हेही एक कारण असावं.

माझा धंदा म्युच्युअल फंड विकण्याचा. आमच्या घरात वकिली चालत आलेली. त्यामुळे पाहुणे आले की बाबा माझ्याबद्दल ‘त्याचं बँकेसारखं काहीतरी आहे’ एवढं सांगून विषय बदलत. ऑफिस म्हणजे जयस्तंभ चौकाजवळ झेरॉक्सच्या दुकानावरची एक खोली. लोकांना वाटतं, कुठला शेअर वर जाणार हे मला कळतं. मला ते कधीच कळलं नाही, आणि ज्यांना कळतं असं ते सांगतात त्यांनाही कळत नाही. माझं काम साधं. माणसाला दर महिन्याला ठरावीक रक्कम फंडात टाकायला लावायची, यालाच एसआयपी म्हणतात, आणि बाजार पडला की त्याला ती बंद करू द्यायची नाही. बाजार पडतो तेव्हा त्याच पैशात फंडाचे जास्त युनिट, म्हणजे वाटे, येतात, तोच खरा कमाईचा काळ असतो. हे सांगायला सोपं आहे, पण पडत्या बाजारात समोरच्याच्या गळी उतरवताना घशाला कोरड पडते.

एकदा नांदगाव खंडेश्वरचे एक मोठे कास्तकार बाजार पडल्याबरोबर सगळं काढायला आले. मी म्हणालो, “भाऊ, भाव पडला की तुम्ही कापूस विकत नाही. खोली भरून ठेवता, उन्हाळ्यापर्यंत थांबता. मग फंड का विकता?” ते म्हणाले, “साहेब, कापूस डोयानं दिसते. सकायी उठून हात लावून पायता येते. तुमच्या फंडाले कुठं हात लावू?” मी फॉर्म पुढं सरकवला. त्यांनी पैसे काढले, बाजार चढला, आणि पुढची दोन वर्षं रस्त्यात भेटले की ते माझ्याकडे रागानं पाहत.

पण लिहायला बसलो ते दोन साडूंबद्दल.

पहिले गजाननराव. एका विनाअनुदानित शाळेत गणिताचे मास्तर. आवाज मोठा, पँट घोट्याच्या वर. ते पहिल्यांदा आले तेव्हा उभ्या-उभ्याच म्हणाले, “तुमच्याइथं ते एसआयपी भेटते म्हणे?”

“भेटते. बसा ना. कितीची करायची?”

“आमच्या अकोल्याच्या साडूची दोन हजाराची हाये. माही अडीच हजाराची करा.”

“फंड कोणता?”

“त्याचा असंन तोच. फक्त पाचशे जास्त.”

मी फॉर्म काढला आणि रिवाजाप्रमाणे विचारलं, उद्देश काय? मुलीचं शिक्षण, घर, म्हातारपण? त्यांच्या शाळेत पेन्शन नव्हती, म्हणजे म्हातारपण हाच खरा उद्देश. पण मास्तर माझ्याकडे असे पाहू लागले, की जणू मी गणित चुकलो होतो. “उद्देश सांगतला ना तुमाले. पाचशे जास्त.”

तीनचार महिन्यांनी अकोल्याहून सुरेशराव आले. स्प्रे पंप आणि मोटारीच्या सुट्या भागांचं त्यांचं तिथं दुकान. गोड बोलणारे, पान खाणारे, हातात अंगठी. अकोल्यात एवढे फंडवाले असताना इतक्या दूर कशाला आलात, असं मी विचारलं. “अकोल्यात केलं का सांजेपावतर गावभर होते,” ते म्हणाले. “आमच्या मास्तरनं अडीच हजाराची केली म्हणते. माही तीनची करा. आन त्याले समजता कामा नये.”

मी जरा चाचरत विचारलं, “तुमची दोन हजाराची आधीच चालू आहे ना?”

“कोण म्हणते?” मग त्यांच्या लक्षात आलं आणि ते खो-खो हसले. “ते मी लग्नात बोललो होतो, साहेब. बोलाले काय पैसे लागते?”

तर अशी सुरुवात. एका नुसत्या बोलण्यातल्या एसआयपीवर एक खरी उभी राहिली, आणि तिच्यावर दुसरी. एका गिऱ्हाइकाचं दुसऱ्याला सांगायचं नाही हा आमच्या धंद्याचा पहिला नियम. तो मी दोघांशीही पाळला. मास्तरांना वाटायचं, सुरेशरावांचं सगळं अकोल्यात चालतं. सुरेशराव येऊन-जाऊन असतात हे त्यांना ठाऊक नाही, अशी माझी समजूत होती. दर वर्षी कुठल्या तरी लग्नात दोघं भेटत, एक जण आकडा सांगे, आणि दुसरा पुढच्या आठवड्यात माझा जिना चढे. फंड कंपन्यांनी या प्रकाराला ‘टॉप-अप’ असं नाव दिलंय आणि त्याची रंगीत पत्रकं छापली आहेत. दर वर्षी हप्ता थोडा वाढवत नेला तर शेवटी रक्कम किती फुगते याचे तक्ते त्यात असतात. ती पत्रकं वाचून हप्ता वाढवलेला माणूस मी पाहिलेला नाही. मी मनातल्या मनात त्याला साडू-वाढ म्हणायचो.

एकदा तर अगदी गळ्याशी आलं. सुरेशराव समोर बसलेले, आणि जिन्यात मास्तरांचा आवाज. सुरेशरावांचा चेहरा पांढरा पडला. मागच्या बाजूला पाण्याची टाकी असलेली गच्ची आहे, तिथं ते जाऊन उभे राहिले, ऐन मे महिन्यात. मास्तर टेबलावरच्या अर्ध्या कपाकडे पाहत म्हणाले, “कोणी आलं होतं?” मी म्हणालो, माझाच आहे. मग मास्तरांनी बाजारावर भाषण दिलं, सरकारवर दिलं, आणि सावकाश गेले. सुरेशराव आत आले तेव्हा घामानं ओलेचिंब. “मास्तर वर्गात बी एवढंच बोलते काय हो?” एवढंच त्यांनी विचारलं.

आणि साथीच्या वेळी बाजार कोसळला, लोक टीव्हीवरचे लाल आकडे पाहून पैसे काढत होते, तेव्हा या दोघांनी मला जे शिकवलं ते कुठल्याच पुस्तकात नाही. मास्तरांचा फोन आला, “बंद करू काय? अकोल्यावाल्यानं बंद केली का?” मी म्हणालो, मला माहीत नाही, सांगता येत नाही. दुपारी सुरेशरावांचा फोन, “मास्तरनं काढले का पैसे?” त्यांनाही तेच उत्तर. पहिला पळालो असं कोणालाच व्हायचं नव्हतं, म्हणून दोघंही बसून राहिले. माझी निम्मी गिऱ्हाइकं तेव्हा तोट्यात बाहेर पडली. हे दोघं, ज्यांना बाजारातलं फारसं काही कळत नव्हतं, ते राहिले आणि पुढची सगळी चढण त्यांच्या पदरात पडली.

आता माझं सांगतो. मला या दोघांचा हेवा वाटायचा. त्यांच्या खात्यांचा तर वाटायचाच. माझी स्वतःची एसआयपी त्या दोघांच्या आधीची, फंड जास्त चांगला, पण ती होती तिथंच राहिली. मला डिवचणारं कोणी नव्हतं ना. ज्यांना मी बोट धरून बाजारात नेलं ते माझ्या डोळ्यांदेखत माझ्या पुढं निघून गेले, आणि मी त्यांचे फॉर्म तपासत बसलो. सोनाराच्या मांडीवर दागिने असतात आणि घरी बायकोच्या गळ्यात पोत असते, त्यातला प्रकार.

पण त्याहून वाईट हेवा मला दुसऱ्याच एकाचा वाटे. अकोल्यात एका पोरानं ट्रेडिंगचा क्लास काढला होता. त्याचं नाव लिहीत नाही, घेतलं तरी माझा रक्तदाब वाढतो. काचेचं ऑफिस, भिंतभर स्क्रीन, बसस्टँडसमोर त्याचा हाताची घडी घातलेला मोठा फोटो. वय माझ्या धाकट्या पोराएवढं. मी एकेका गिऱ्हाइकाला वर्षानुवर्षं चहा पाजून जे कमावत नव्हतो ते तो एका बॅचच्या फीमध्ये कमवत होता. लोक त्याला ‘सर’ म्हणत, वाकून नमस्कार करत. माझ्या पायाला या धंद्यात आजवर कोणी हात लावलेला नाही. मी त्याचे व्हिडिओ चोरून बघायचो आणि बघून झालं की दिवसभर चिडचिडा असायचो.

तो शिकवायचा ऑप्शन. ज्यांना हे माहीत नाही त्यांच्यासाठी साध्या शब्दांत सांगतो. फंडात तुम्ही कंपन्यांचा छोटासा वाटा घेता आणि त्या वाढायची वाट बघता. ऑप्शनमध्ये तुम्ही अमुक दिवसापर्यंत, तेव्हा बहुतेक गुरुवारपर्यंत, बाजार वर जाईल की खाली, यावर थोडे पैसे लावता. बरोबर आलं तर चार-पाच पट. चूक आलं, किंवा नुसता उशीर झाला, तरी लावलेलं सगळं साफ. फंडात उशीर हा आपला दोस्त असतो, इथं तोच गळा धरतो. बहुतेक माणसं शेवटी हरतात, पण पहिल्या दोनचार वेळा जिंकतात, आणि त्याच दोनचार वेळा लग्नात सांगितल्या जातात.

सुरेशराव त्या क्लासला जाऊ लागले. पाचशे-पाचशेनं पुढं जाण्याचा त्यांना कंटाळा आला असावा. मोझरीच्या एका लग्नात, पंगतीत, सगळ्यांना ऐकू जाईल असं ते म्हणाले, की मास्तरचे फंड एका वर्षात जेवढे देतात तेवढं आपण एका गुरुवारी काढतो.

त्यानंतर काही दिवसांनी ते माझ्याकडे आले. पान नव्हतं, अंगठीही नव्हती. “थोडे काढाचे होते,” ते म्हणाले.

“क्लासमध्ये गेले?”

“गेले.”

“किती?”

“विचारू नका साहेब. मंदाले बी मालूम नाई.” मंदाताई म्हणजे त्यांच्या पत्नी. मी काढू नका म्हणालो, पण बाहेरची देणी भागवायची होती. पैसे त्यांचे होते. मी फॉर्म पुढं केला; हप्ताही त्यांनी बंद केला. उठताना त्यांनी माझा हात धरला. “मास्तरच्या कानावर जाता कामा नये. शब्द द्या.” मी दिला.

आणि त्याच आठवड्यात मास्तर आले. नुकतेच निवृत्त झालेले. पेन्शन नाही, शाळेनं दिलेला शाल-नारळ आणि माझ्याकडचे फंड, एवढंच त्यांच्या हाती. ते बसलेही नाहीत.

“सगळं काढा.”

“काय झालं मास्तर?”

“काय व्हाचं? तो सुऱ्या एका गुरुवारात वर्षाचं कमावून राहिला, आन मी तुमच्या नादानं म्हातारा झालो! त्या क्लासवाल्या सरकडं जातो. फी बी इचारून आलो.” आणि घरूनच सही करून आणलेला फॉर्म त्यांनी माझ्या हातात कोंबला.

वाचकहो, माझ्या जिभेच्या टोकावर एक वाक्य होतं. ‘परवा तुमचा साडू याच खुर्चीत बसून रडकुंडीला आला होता.’ एवढं म्हटलं असतं की मास्तर वाचले असते. शिवाय, खोटं कशाला बोलू, त्या काचेच्या ऑफिसवाल्याचं एक गिऱ्हाईक हिसकावल्याचा आनंद मला वेगळा मिळाला असता. मी फोन घेऊन गच्चीवर गेलो आणि सुरेशरावांना लावला. म्हणालो, “मास्तर म्हातारपणाचं सगळं काढून तिकडं टाकायला निघालेत. तुम्हीच त्यांना एक शब्द सांगा.”

त्यांनी दुकानातल्या एका गिऱ्हाइकाला थांबायला सांगितलं. मग ते म्हणाले, “मान कापली तरी नाई सांगणार. तुमी बी नाई सांगाचं. तुमी शब्द देला हाये.” फोन बंद.

मी आत आलो. मास्तर घड्याळ बघत होते. त्या क्षणी मला एकच गोष्ट सुचली, आणि ती सुचली ती मी स्वतः हेव्यात मुरलेला माणूस आहे म्हणून.

“काढू,” मी म्हणालो. “फक्त एक सांगा. हे ऑप्शन आधी कोणी सुरू केलं?”

“त्यानंच.”

“म्हणजे तुम्ही आता त्याच्या मागून जाणार. पुढच्या लग्नात ते पंगतीत काय सांगतील? मास्तरले मी शिकोलं.”

मास्तरांनी घड्याळावरची नजर काढली. माझ्या तोंडची वऱ्हाडी त्यांना लागली असावी.

“जन्मभर पोरांना गणित शिकवलं तुम्ही,” मी पुढं रेटलं, “आणि आता सुरेशरावांच्या मागच्या बाकावर बसणार. नफा झाला तरी त्यांच्यामुळे झाला म्हणतील.”

“कोण म्हणते त्यानं शिकोलं म्हणून?” मास्तर गरजले. मग खुर्ची ओढून बसले. सही केलेला फॉर्म त्यांनी माझ्या हातातून घेतला, घडी केला, खिशात टाकला. “त्याच्या मागं कायले जातो मी? मंग काय करू म्हणता?”

“नेहमीचंच. घरच्या शिकवण्या चालू आहेत ना? त्यातून वाढवा.”

“हजारानं वाढवा.”

“पाचशे बस,” मी म्हणालो.

सुरेशरावांनी क्लास सोडला. काही महिन्यांनी ते आले आणि मोडलेली एसआयपी पुन्हा सुरू केली, अगदी लहानशी. किती लिहू म्हणालो तर म्हणे, “मास्तरची किती हाये?” मी सांगता येत नाही म्हटल्यावर हसले, “मालूम हाये. माह्यापेक्षा जास्त असंन. येतो मी वर हळूहळू.”

ते काही झालं नाही. यंदाच्या उन्हाळ्यात, दुकानात गल्ल्यावर बसल्या-बसल्या ते गेले. दवाखान्यात न्यायलाही वेळ मिळाला नाही.

तेरवी झाल्यावर एक दिवस जिन्यात मास्तरांची पावलं ऐकू आली, मागं मंदाताईंची. नवऱ्याचे फंड नॉमिनीच्या, म्हणजे त्यांच्या नावावर करायचे होते. इतकी वर्षं सांभाळलेलं आता मास्तरांसमोर उघडं पडणार होतं. मास्तर खोलीत आले, आणि दोन खुर्च्यांपैकी कुठल्या एकीवर बसावं असं बघत उभे राहिले.

“तो कोणत्या खुर्चीवर बसे?” त्यांनी विचारलं.

मी खिडकीजवळची दाखवली. मास्तर तीवर बसले नाहीत. मंदाताईंना बसवलं.

“ते इथं येत हे तुम्हाला माहीत होतं?” मी विचारलं.

“खालचा झेरॉक्सवाला माहा इद्यार्थी हाये, साहेब. पयल्याच साली सांगतलं त्यानं.”

“मग कधी बोलला नाहीत?”

“बोललो असतो तर लाजून येणं सोडलं असतं त्यानं.” मग खिडकीकडे बघत म्हणाले, “त्या क्लासचं मात्र मालूम नोतं. तो गेल्यावर कागदं पायताना मंदाले समजलं, तिनं आता सांगतलं. त्या दिवशी तुमाले ठाव होतं ना?”

“होतं. शब्द दिला होता.”

“बरं केलं. सांगतलं असतं तर मी चार लोकांत त्याले हासलो असतो.” मास्तरांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला.

मी मंदाताईंकडून सह्या घेतल्या. सगळं झाल्यावर मास्तर म्हणाले, “त्याची एसआयपी?”

“ती थांबली. माणूस गेला की हप्ता थांबतो.”

“चालू करा. मंदाच्या नावानं.”

“भाऊजी, मले नाई जमणार,” मंदाताई म्हणाल्या. “दुकानाचंच अजून काही समजून नाई राहिलं.”

“तू थांब. पैसे मी टाकतो.”

मी म्हणालो, दुसऱ्याच्या खात्यातून हप्ता चालत नाही, तसा नियम आहे. “तर मी दर महिन्याले तिच्या खात्यात टाकतो, तिथून जाईन तो. त्याले तर नियम नाई ना?”

नव्हता. मंदाताई पदर तोंडाला लावून बसल्या होत्या, पण त्यांनी नाही म्हटलं नाही. मी पेन उघडलं. “कितीची करू, मास्तर?”

“माह्यापेक्षा पाचशे जास्त.”

मी वर पाहिलं.

“मागच्या खेपेले मी वाढोली होती,” मास्तर अगदी हिशोबी आवाजात म्हणाले. “आता त्याची पाळी हाये. पुढच्या साली मी वाढवीन. त्याच्या पुढच्या साली तो.”

मी आकडा लिहिला. दोघं जिना उतरून गेले. खिडकीतून दिसलं, झेरॉक्सवाला दुकानाबाहेर येऊन मास्तरांच्या पाया पडला. मला त्या क्लासवाल्या पोराची आठवण आली, पण या खेपेला काही खुपलं नाही. हेवा वाटला तो सुरेशरावांचा. अंगठी विकलेला, क्लासमध्ये बुडालेला, मरून गेलेला माणूस, आणि त्याला पुढं ठेवण्यासाठी म्हातारपणी कोणीतरी शिकवण्या घेतंय.

घरी गेल्यावर मी बायकोला म्हणालो, “तुला एक बहीण असायला हवी होती.”

“आता कायले?” ती म्हणाली.